उद्याचे आकाश सांगणारी माणसे

रात्रीच्या बातम्या संपत आल्या की शेवटची दोन-तीन मिनिटे हवामानाची असतात. आपल्याकडे ती बहुधा उरकली जातात. कमाल तापमान, किमान तापमान, ‘तुरळक ठिकाणी पावसाच्या सरी’ आणि नमस्कार. ब्रिटन आणि अमेरिकेत मात्र या मिनिटांचे स्वतंत्र मानकरी आहेत. तेथील घराघरांत त्यांची नावे ठाऊक असतात, त्यांच्या चुका वर्षानुवर्षे लक्षात ठेवल्या जातात आणि त्यांनी कोट उतरवला की लोक तळघराकडे धावतात.

ही माणसे येतात कोठून? शास्त्रज्ञ की नट, असा प्रश्न त्यांच्याविषयी पहिल्यापासून विचारला जात आहे. एरवी तो करमणुकीचा वाटतो. परंतु वादळ गावाच्या वेशीवर येते, तेव्हा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. या व्यवसायाचा सारा इतिहास त्या विश्वासाभोवती फिरत आला आहे.

लंडनमधील सरकारी नोकर

बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये दूरचित्रवाणीवर हवामानाचा नकाशा प्रायोगिक स्वरूपात दाखवला. महायुद्धाच्या काळात दूरचित्रवाणी सेवाच बंद होती. १९४९ मध्ये नकाशे पुन्हा दिसू लागले. पण निवेदकाचा फक्त आवाज ऐकू येई. पडद्यावर प्रत्यक्ष माणूस उभा राहिला तो ११ जानेवारी १९५४ रोजी. त्याचे नाव जॉर्ज काउलिंग. लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून त्याने सुमारे पाच मिनिटे हवामान समजावून सांगितले. साधनसामग्री म्हणजे एक नकाशा आणि हातात रेघा ओढण्याचे साहित्य. उद्या वारा चांगला असेल, धुणे वाळत घालायला दिवस योग्य आहे, अशा आशयाचा घरगुती सल्लाही त्याने त्यात दिला.

काउलिंग हा काही रंगमंचावरून आलेला गडी नव्हता. तो १९३९ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यात दाखल झाला होता आणि युद्धकाळात त्याने हवाई दलासाठी अंदाज वर्तवले होते. वैमानिकाला उड्डाणापूर्वी हवामान समजावून सांगणे हेच त्याचे प्रशिक्षण. वैमानिकाच्या जागी गृहिणी आणि शेतकरी आले, एवढाच फरक. हाच पायंडा बीबीसीने पुढे अनेक दशके चालवला. पडद्यावर दिसणारे निवेदक हवामान खात्याच्या पगारपत्रकावरचे अधिकारी असत आणि त्या काळी हे खाते संरक्षण विभागांच्या अखत्यारीत होते.

मायकल फिश १९६२ मध्ये खात्यात आला आणि २००४ मध्ये निवृत्त झाला. इयन मॅकास्किल हवाई दलातील सक्तीच्या सेवेनंतर १९६१ मध्ये खात्यात आला, १९७८ ते १९९८ अशी वीस वर्षे तो पडद्यावर राहिला आणि आपल्या खास उच्चारांमुळे नकलाकारांचा लाडका झाला. १९७४ मध्ये आलेली बार्बरा एडवर्ड्स ही बीबीसी दूरचित्रवाणीवरील पहिली हवामान निवेदिका. तीही खात्यातील अंदाजकारच होती. या मंडळींचे बोलणे कधी अडखळे, नकाशावर चिकटवलेला चुंबकीय ढग कधी घसरून खाली येई. तरीही, समोरचा माणूस वाचून दाखवत नाही, त्याला यातले कळते, ही प्रेक्षकांची खात्री होती.

कोकरू, बाहुल्या आणि विदूषक

अमेरिकेत सुरुवात निराळी झाली. १४ ऑक्टोबर १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी केंद्रावर हवामान सांगितले ते एका चित्रातील कोकराने. नेकटाय विकणाऱ्या कंपनीची ती जाहिरात होती. तेथे दूरचित्रवाणी खासगी मालकीची, जाहिरातींवर चालणारी आणि गावोगावच्या केंद्रांत विभागलेली होती. त्यामुळे हवामानाकडेही ‘कार्यक्रम’ म्हणूनच पाहिले गेले.

महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत लष्करातून परतलेल्या हवामानतज्ज्ञांनी अनेक केंद्रांवर चांगले काम केले. टेक्सासमधील फोर्ट वर्थचा हॅरल्ड टॅफ्ट हा त्यांपैकीच. लष्करी हवामान अधिकारी, मग विमान कंपनीतील हवामानतज्ज्ञ आणि १९४९ पासून १९९१ पर्यंत एकाच केंद्रावरचा निवेदक, असा त्याचा प्रवास. परंतु १९५२ मध्ये नव्या केंद्रांना परवाने देण्यावरील स्थगिती उठली आणि एकेका शहरात तीन-तीन, चार-चार केंद्रे झाली. बातम्या सर्वांकडे सारख्याच. मग वेगळेपण दाखवायचे कशात? ते हवामानात शोधले गेले. बाहुल्या आल्या, विचित्र पोशाख आले, व्यंगचित्रे काढणारे आले आणि ‘वेदर गर्ल’ नावाचा प्रकार आला.

या वाटेने पुढे गेलेल्यांची यादी मोठी रंजक आहे. चित्रपट अभिनेत्री रॅक्वेल वेल्श हिने सॅन डिएगोच्या केंद्रावर हवामान सांगितले होते. पुढे राष्ट्रीय वृत्तनिवेदिका झालेली डायन सॉयर लुइव्हिल शहरात हवामानापासूनच सुरुवात करती झाली. ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’चा सूत्रसंचालक पॅट सेजॅक लॉस एंजेलिसमध्ये हवामान सांगत असे. विनोदी निवेदक डेव्हिड लेटरमनने इंडियानापोलिसमध्ये हे काम केले; एका उष्णकटिबंधीय वादळाला ‘हरिकेन’ ही बढती मिळाल्याबद्दल त्याने त्या वादळाचे अभिनंदन केल्याची गोष्ट अजूनही सांगितली जाते.

या परंपरेचा शिरोमणी म्हणजे विलर्ड स्कॉट. तो मुलांच्या कार्यक्रमात ‘बोझो’ नावाचा विदूषक होता. मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतील रोनाल्ड या विदूषकाची पहिली भूमिका १९६३ मध्ये त्यानेच केली. १९८० मध्ये तो एनबीसीच्या ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात हवामान सांगू लागला आणि वयाची शंभरी गाठलेल्या आजी-आजोबांना शुभेच्छा देण्याची प्रथा त्याने रूढ केली. १९९६ मध्ये त्याच्या जागी आलेल्या अल रोकरचे शिक्षणही संज्ञापनाचे. हवामानशास्त्राची पदवी त्याच्याकडेही नाही. मात्र विद्यार्थिदशेत, १९७४ मध्ये, सिरॅक्यूजच्या केंद्रावर त्याने हे काम सुरू केले आणि पुढे त्यातच आयुष्य घातले.

मोहोर आणि परीक्षा

शास्त्रज्ञांना हा सगळा खेळ साहजिकच खटकला. अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी या हवामानशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९५७ मध्ये ‘पसंतीची मोहोर’ देण्याची योजना आखली. निवेदकाची माहिती शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे का, ती स्पष्ट आणि नीट सांगितली जाते का, हे पाहून ही मोहोर द्यायची. कायद्याने ती सक्तीची नव्हती. परंतु केंद्रे जाहिरातींत तिचा उल्लेख करू लागली आणि तिचे वजन वाढले. २००५ पासून याच संस्थेने ‘प्रमाणित प्रसारण हवामानशास्त्रज्ञ’ ही अधिक कडक पायरी आणली. तीत हवामानशास्त्राचे पदवीस्तरीय शिक्षण, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष कामाचे परीक्षण आणि पुढेही सतत अभ्यास चालू ठेवण्याची अट आहे.

शास्त्र आणि पडदा यांतील ही ओढाताण जून बेकन-बर्सी यांच्या आयुष्यात फार ठळक दिसते. त्यांनी १९५४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून हवामानशास्त्राची पदवी घेतली. एका कृष्णवर्णीय तरुणीसाठी त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होती. पुढे त्या सरकारी हवामान विभागात अंदाजकार झाल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्या बफेलो शहरातील दूरचित्रवाणी केंद्रावर आल्या त्या वार्ताहर म्हणून. हवामान सांगणाऱ्या बाईकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाई, त्यामुळे त्या कामाविषयी त्यांना फारशी ओढ नव्हती. पण केंद्रावरील हवामान निवेदकाला बँकेवरील दरोड्याच्या प्रकरणात अटक झाली आणि ती जागा त्यांना ऐन वेळी सांभाळावी लागली. केंद्राने मग त्यांनाच तेथे नेमले. १९७२ मध्ये त्यांना सोसायटीची मोहोर मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

१९७७ मध्ये एका दूरचित्रवाणी प्रश्नमंजूषेत त्यांनी ६४ हजार डॉलर जिंकले. विषय होता संगीतकार जॉन फिलिप सूझा. त्या पैशांतून त्यांनी वातावरणशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ओक्लाहोमाची शाळा

शास्त्र जाणणारा निवेदक का हवा, याचे उत्तर परीक्षांपेक्षा टोर्नेडोंनी अधिक स्पष्टपणे दिले. नरसाळ्यासारखी आकाशातून उतरणारी ही भीषण वावटळ अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशाला दर वसंतात छळते. लोक घाबरून जातील या भीतीने अमेरिकी हवामान विभागाने कित्येक वर्षे अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरू दिला नव्हता. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज वर्तवला. १९५२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील हॅरी व्होल्कमन या निवेदकाने टोर्नेडोचा इशारा दूरचित्रवाणीवरून थेट लोकांना दिला. असे करणाऱ्या पहिल्या निवेदकाचा मान त्याला दिला जातो.

त्याच शहरातील गॅरी इंग्लंड हा या व्यवसायातील सर्वांत आदरणीय नावांपैकी एक. ग्रामीण ओक्लाहोमात जन्म, नौदलात सेवा, मग ओक्लाहोमा विद्यापीठात गणित व हवामानशास्त्राचे शिक्षण, असा त्याचा प्रवास. १९७२ ते २०१३ अशी एकेचाळीस वर्षे तो केडब्ल्यूटीव्ही केंद्राचा मुख्य हवामानतज्ज्ञ होता. ढगांच्या आतील वाऱ्याची दिशा व वेग सांगणारे डॉपलर रडार सरकारी कार्यालयांत सर्वत्र पोहोचण्याच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकाच्या आरंभी, त्याने ते आपल्या केंद्राला घ्यायला लावले आणि त्यावरून लोकांना इशारे दिले.

३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा सिटीच्या उपनगरांवर आलेल्या टोर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर असल्याचे फिरत्या रडारने नोंदवले. इंग्लंड त्या दिवशी तासन् तास पडद्यावर होता. जमिनीखाली आसरा घेतल्याखेरीज जगणे कठीण आहे, असे त्याने लोकांना निःसंदिग्धपणे सांगितले. हजारो घरांचे नुकसान झाले. त्या टोर्नेडोने घेतलेले बळी ३६. आगाऊ इशारे आणि थेट प्रक्षेपण नसते तर हा आकडा कितीतरी मोठा असता, असे तज्ज्ञ मानतात. त्या दिवशी लोकांनी ऐकले ते केवळ रडार चांगले होते म्हणून नव्हे. सांगणारा माणूस त्यांना सत्तावीस वर्षे ओळखीचा होता.

अॅलाबामातील जेम्स स्पॅन हे आणखी एक उदाहरण. पडद्यावर कोट काढून त्याच्या विजारीचे पट्टे दिसू लागले की प्रसंग गंभीर आहे, हे तेथील लहान मुलांनाही कळते. नकाशावर आपला जिल्हा ओळखता न येणारे प्रेक्षक पुष्कळ असतात, हे जाणून तो चौक, शाळा, दुकाने यांची नावे घेऊन वादळ कोठे पोहोचले ते सांगतो. तरीही २७ एप्रिल २०११ रोजी अॅलाबामात टोर्नेडोंनी दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. इशारे वेळेवर दिलेले होते. मग एवढी माणसे का गेली? वारंवार दिलेल्या आणि खोट्या ठरलेल्या इशाऱ्यांमुळे लोक ते मनावर घेईनासे झाले, हेही एक कारण असल्याचे स्पॅनने पुढे उघडपणे मांडले. आपल्याच व्यवसायाचा दोष असा जाहीरपणे सांगायला धैर्य लागते.

एका वाक्याची किंमत

अशीच एक ठेच ब्रिटनलाही लागली. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दुपारच्या बातमीपत्रात मायकल फिशने सहज सांगितले, की एका बाईंनी हरिकेन येत असल्याचे ऐकून दूरध्वनी केला होता. काळजी करू नका, तसे काही येत नाही. त्या रात्री दक्षिण इंग्लंडवर जे वादळ कोसळले, तसे तेथे कित्येक पिढ्यांनी पाहिले नव्हते. १८ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे दीड कोटी झाडे उन्मळून पडली. ‘सात ओक’ वृक्षांवरून नाव पडलेल्या सेव्हनओक्स गावातील सहा ओक एका रात्रीत आडवे झाले.

शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ते वादळ हरिकेन नव्हते. आपला उल्लेख अटलांटिकपलीकडील वादळाविषयी होता, असे फिश सांगत राहिला. त्याच निवेदनात जोराचा वारा सुटेल असेही तो म्हणाला होता, आणि मूळ चूक त्याची एकट्याची नसून वादळाचा मार्ग नीट न हेरणाऱ्या साऱ्या यंत्रणेची होती. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते एकच वाक्य. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यातही त्याची चित्रफीत दाखवली गेली. या घटनेनंतर चौकशी झाली आणि १९८८ मध्ये तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय सेवा सुरू झाली. पदवी आणि पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही सैल शब्दाने केवढी फसगत करू शकतो, हा धडा मात्र निवेदकांच्या प्रत्येक नव्या पिढीला दिला जातो.

भिंत, पडदा आणि अपरात्रीची नोकरी

निवेदकाच्या मागे दिसणारा नकाशा प्रत्यक्षात तेथे नसतो. तो एका हिरव्या किंवा निळ्या भिंतीसमोर उभा असतो. संगणक त्या रंगाच्या जागी नकाशा बसवतो. बाजूच्या पडद्यावर स्वतःकडे पाहत, रिकाम्या भिंतीवर नेमक्या गावावर बोट ठेवण्याची ही कसरत. वृत्तनिवेदकाप्रमाणे त्याच्यासमोर लिहिलेली संहिता बहुधा नसते. तो जे बोलतो ते नकाशे स्वतः वाचून, मनात जुळवून बोलतो. ठरलेल्या सेकंदाला थांबावेही लागते.

अमेरिकेत या व्यवसायाची शिडी ठरलेली आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट किंवा ओक्लाहोमा अशा विद्यापीठांतून पदवी घ्यायची. आधीच निवेदन करत असलेल्यांसाठी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे. मग देशातील २१० दूरचित्रवाणी बाजारपेठांपैकी एखाद्या छोट्या गावी सुरुवात करायची आणि हळूहळू मोठ्या शहराकडे सरकायचे. सकाळच्या पाळीसाठी मध्यरात्र उलटताच कामावर हजर व्हायचे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘द वेदर चॅनल’ने चोवीस तास हवामानाचा नवा मार्ग खुला केला. जपानने आणखी पुढे जाऊन १९९४ पासून हवामान अंदाजकाराची राष्ट्रीय परीक्षाच सुरू केली. शंभरांतले पाच-सहाच उमेदवार तीत उत्तीर्ण होतात.

अलीकडच्या काळात या माणसांपुढे दोन नवी संकटे आहेत. पहिले हवामानबदलाचे. दक्षिण कॅरोलिनातील जिम गँडी या निवेदकाने २०१० मध्ये स्थानिक हवामानाच्या जोडीने हवामानबदलाचे शास्त्र समजावून सांगण्यास सुरुवात केली. त्याचे अनुकरण देशभर झाले, पण सर्वत्र स्वागत झाले नाही. आयोवातील ख्रिस ग्लोनिंगर या हवामानतज्ज्ञाला याच विषयावर बोलल्याबद्दल जिवे मारण्याची धमकी आली आणि २०२३ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. दुसरे संकट काटकसरीचे. २०२५ च्या आरंभी एका अमेरिकी वाहिनीसमूहाने गावोगावचे हवामानतज्ज्ञ काढून एकाच शहरातून सर्वांना हवामान पुरवण्याचे ठरवले. प्रेक्षकांनी एवढा निषेध नोंदवला, की त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागला. ब्रिटनमध्येही बीबीसीने २०१८ मध्ये सरकारी हवामान खात्याशी असलेला नव्वदहून अधिक वर्षांचा करार संपवून खासगी कंपनीकडे काम दिले. २०२५ मध्ये दोघांनी पुन्हा एकत्र येण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे

भारतीय हवामान खाते १८७५ चे आहे. १९२८ मध्ये त्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. अंदाजकारांना घडवणारी खात्याची प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे आणि पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा अभ्यासक्रमही आहे. म्हणजे शास्त्र आहे आणि माणसेही आहेत. परंतु दूरचित्रवाणीवर त्यांची जागा बहुधा दूरध्वनीवरून दोन वाक्ये बोलण्यापुरती. उरलेले सारे वृत्तनिवेदक सांगतो. हवामान निवेदकासाठी पात्रतेची मोहोर वा परीक्षा आपल्याकडे नाही. डीडी किसान वाहिनीने तर मे २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन निवेदक पडद्यावर आणले. हवामानाची माहिती देणे हे त्यांच्याही कामात येते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात तो शंभर मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरात एवढा फरक असताना ‘मुंबई व परिसरात जोरदार पाऊस’ या वाक्याने कोणाचे काय भले होणार? आता ‘यलो’, ‘ऑरेंज’ आणि ‘रेड अलर्ट’ हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहेत. पण रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडले की आपण हसतो आणि पुढच्या वेळी छत्रीही घेत नाही. अॅलाबामात नेमके हेच झाले होते. इशारा म्हणजे शक्यता असते. ती किती आहे, कोणत्या भागात आहे आणि आपण काय करावे, हे रोज तेच तोंड, तोच आवाज धीराने समजावून सांगत असेल, तर चुकलेला अंदाजही लोक समजून घेतात. मात्र ते नाते वादळाच्या दिवशी जोडता येत नाही. त्यासाठी पाऊस नसलेल्या शेकडो रात्री कोणीतरी त्या भिंतीसमोर उभे राहावे लागते.